उल पासोने पहिलं पद का नाकारलं: एका प्रतिक्रियेला उत्तर

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचे आक्षेप तीन आहेत. गोगुर्यो या प्राचीन कोरियन राज्याचा मुख्य प्रधान उल पासो याला मी माझ्या लेखात निःस्पृह म्हटलं, पण तो तर मिळालेलं पद नाकारून वरचं मागत होता. धान्यकर्जाच्या कायद्याचं श्रेय मी त्याला पुराव्याविना दिलं. आणि तो कायदा म्हणजे सरकारी खिरापत होती.

दुसरा आक्षेप सरळ मान्य. ‘सामगुक सागी’ ही कोरियाची जुनी बखर ११४५ सालची. तिच्यात इ. स. १९४च्या नोंदीत धान्यकर्जाचा हुकूम राजा गोगुकचॉनचा आहे. शिकारीच्या वाटेवर त्याला रडणारा माणूस भेटतो. मोलमजुरीवर आईला पोसणारा, पण पीक बुडालं म्हणून काम नाही आणि मापभर धान्यही नाही. उल पासोचं नाव या नोंदीत नाही. तो तेव्हा प्रधान होता म्हणून नंतरच्यांनी श्रेय त्याच्या खात्यावर टाकलं, मीही टाकलं. लेखातलं वाक्य दुरुस्त करतो.

‘निःस्पृह’ हा शब्दही मागे घेतो, पण ‘पदाची हाव’ मात्र पटत नाही. १९१ साली राणीच्या नातलगांनी, ऑबिर्यू आणि च्वागार्यो यांनी, बंड केलं. लोकांच्या मुली पळवणं, जमिनी-घरं बळकावणं हे त्यांच्या पोराभावांचे उद्योग. बंड मोडल्यावर राजाने राज्याच्या चार विभागांकडे लायक माणूस मागितला. त्यांनी आन्र्यूचं नाव दिलं. आन्र्यूने पश्चिम याळू खोऱ्यात शेती करणाऱ्या उल पासोकडे बोट दाखवलं. राजाने त्याला आधी काय दिलं ते बघा: ‘चुंगोए देबू’ ही उपाधी, म्हणजे बंडखोर ऑबिर्यूचीच, पण दर्जा ‘उते’. ऑबिर्यूचा दर्जा होता ‘पेजा’, त्याहून वरचा. म्हणजे नांगर सोडून आलेल्या माणसाने जुन्या घराण्यांच्या सरदारांना हुकूम सोडायचे, तेही त्यांच्याहून खालच्या पायरीवरून. कोण ऐकणार होतं? ‘मी मंद घोडा, एखाद्या लायक माणसाला मोठं पद द्या’ असं तो म्हणाला. नम्रतेच्या वेष्टनात अट होती, आणि राजाला ती कळली. त्याने त्याला गुकसांग, म्हणजे मुख्य प्रधान, केलं. तरीही दरबार कुरकुरला, तेव्हा राजाला जाहीर करावं लागलं की जो गुकसांगचं ऐकणार नाही त्याचं कुळासकट पारिपत्य होईल. गुकसांग असूनही एवढं लागलं. उते असता तर महिनाभरही टिकला नसता. टिकला तो २०३पर्यंत, मरेपर्यंत, दोन राजांच्या हाताखाली.

आता खिरापत. दरवर्षी तिसऱ्या ते सातव्या चांद्रमासात सरकारी कोठारातून धान्य द्यायचं, घरात खाणारी तोंडं किती ते पाहून; दहाव्या महिन्यात, कापणीनंतर, परत घ्यायचं. आपल्याकडच्या भाषेत ही खावटी. जुनं धान्य संपलेलं, नवं शेतात उभं, अशा महिन्यांत माणूस बियाणं खातो किंवा सरदाराकडून उसनं घेतो. फेडता आलं नाही की तो त्या सरदाराचा बांधील होतो आणि राजाचा एक करदाता, एक सैनिक कमी होतो. म्हणजे दयेइतकाच यात राजाचा हिशेब होता. १९४मध्ये तर सातव्या महिन्यातच दहिवर पडून पीक करपलं होतं.

या पद्धतीतला खरा धोका फुकटेपणाचा नाही, वसुलीचा. पुढे कोरियातल्या जोसॉन राजवटीच्या काळात अशाच धान्यकर्जावर उंदीर-नासाडीच्या नावाखाली दहा टक्के वाढावा लावला गेला. नको असलेल्यांच्याही माथी धान्य मारलं जाऊ लागलं, आणि १८६२च्या शेतकरी उठावांमागे हे एक मोठं कारण होतं.