सगळ्यांच्या डोक्यावर एकच छत्री

विषय बंड्याने काढला. म्हणे कालप्रवासाच्या गोष्टी म्हणजे निव्वळ टाइमपास. पुढचं कुणालाच कळत नाही, मग त्यात आशा कसली शोधायची?

"पुढचं कळावं म्हणून कोण वाचतंय?" मेघा म्हणाली. "लिहिणाऱ्याला स्वतःच्या काळात काय खुपत होतं, ते कळतं." आणि तिने अमेरिकन लेखक एडवर्ड बेलामी काढला. त्याच्या १८८८ च्या 'लुकिंग बॅकवर्ड' या कादंबरीचा नायक बॉस्टनमध्ये १८८७ साली झोपतो आणि जागा होतो तो थेट २००० मध्ये. गड्याचं लग्न रखडलेलं, कारण संपांमुळे नवं घर बांधून होत नाहीये.

"बिल्डर तेव्हाही तसलेच!" बंड्या खूश.

तर जागा झाल्यावर काय दिसतं? गरीब कुणी नाही, दुकानात रोकड नाही, प्रत्येकाकडे कार्ड. पण मला आवडली ती छत्री. पाऊस आला की सगळ्या फूटपाथांवर सलग छत उतरतं. एकोणिसाव्या शतकात बॉस्टनमध्ये तीन लाख डोक्यांवर तीन लाख छत्र्या उघडायच्या. आता सगळ्यांवर मिळून एकच. आमच्या टपरीचं प्लॅस्टिक तेव्हा नेमकं बंड्याच्या मानेवर गळत होतं.

शिरीषदादा युनियनवाले, त्यांना हे पटेना. "एकविसाव्या वर्षापासून पंचेचाळिसाव्यापर्यंत सगळ्यांना 'औद्योगिक सैन्यात' भरती, म्हणजे देशासाठी सक्तीचं काम. ही आशा की बराक?" इंग्लंडचा समाजवादी लेखक विल्यम मॉरिस, त्यालाही ते रुचलं नव्हतं. त्याने १८९० मध्ये 'न्यूज फ्रॉम नोव्हेअर' लिहून आपलं भविष्य मांडलं. त्यात लंडनची थेम्स नदी स्वच्छ आहे, सामन मासे धरायची जाळी लागलेली आहेत. हीच ती थेम्स, जिच्या घाणीने १८५८ च्या उन्हाळ्यात पार्लमेंटला नाक धरायला लावलं होतं.

"आणि एच. जी. वेल्सचं 'द टाइम मशीन'?" बंड्याने हुकमाचं पान टाकलं. "सन ८०२७०१. वर नाजूक एलॉय, जमिनीखाली त्यांना खाणारे मॉरलॉक. काढ यातून आशा!"

मेघा अडली नाही. वेल्सची आई अपपार्क नावाच्या बड्या हवेलीत हाउसकीपर होती. तिथल्या नोकरांची ये-जा भुयारांतून चाले. खालच्यांना कायमचं खालीच ठेवलं तर काय होईल, हे पोराने लहानपणीच पाहून ठेवलं असणार, असा तिचा तर्क. मला तो पटला. ज्याला काहीच बदलायची आस नाही, तो एवढी भीती कशाला घालेल?

"बरं, आपण २१०० मध्ये माणूस पाठवला तर?" बंड्या जरा नरमला. "मला छतबित नको. नुसता चालता येईल असा फूटपाथ दिसू दे."

"दिसेल की," शिरीषदादा म्हणाले. "पण आपला चहावाला त्या फूटपाथवर असेल की उठवलेला असेल, ते आधी ठरव."