आग्रह करणाऱ्यांनाही डाएट चार्ट द्या

बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरीवरचा (वजन कमी करण्यासाठी पोटावर करतात ते ऑपरेशन) तुमचा लेख चांगला आहे, पण नंतरचं खाणं ‘थोडं थोडं खा’ एवढ्यावरच आटोपलंय. माझ्या नणंदेची त्यातलीच ‘स्लीव्ह’ नावाची सर्जरी झाली आहे, म्हणून लिहिते. त्यात जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. आधी पातळ, मग मऊ, मग नेहमीचं जेवण, हे सगळेच सांगतात. आपल्याकडे खरी अडचण प्रोटीनची. दिवसाला निदान ६० ग्रॅम हवं आणि पोटात मावतं जेमतेम वाटीभर! सुरुवातच वरणभाताने केली की जागा संपली, आणि आपलं वरण म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच. म्हणून आधी अंडं, पनीर किंवा मुगाची घट्ट उसळ. पोळी-भात जागा उरली तर. जेवताना पाणी नाही, जेवणानंतरही अर्धा तास नाही. (सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही.)

तीन-चार महिन्यांनी केस गळायला लागले की घाबरायला होतं, पण बहुतेकांचे परत येतात. बी-१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या मात्र बरं वाटतंय म्हणून सोडायच्या नाहीत, शाकाहारी माणसाने तर नाहीच. याच सर्जरीचा दुसरा प्रकार म्हणजे बायपास (हृदयाची नव्हे, जठराची). ती झालेल्यांनी गोडापासून जास्त जपावं. वाटीभर श्रीखंडानेही घाम, धडधड, जुलाब होऊ शकतात.

आणि लग्नाच्या पंगतीत ‘एवढ्याशा जिलबीने काय होतंय’ म्हणणाऱ्या मावश्या-काकवांचं काय करायचं, यावर पुढचा लेख लिहाच.