ब्लॅक सॅबथवरच्या तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत त्याबद्दल मनापासून आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की मी ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश रॉक बँडला उगाच डोक्यावर घेतलंय, हेवी मेटलचं, म्हणजे जड, दणदणीत गिटारच्या रॉकचं, खरं श्रेय लेड झेपलिन आणि डीप पर्पल या बँडचं, आणि सॅबथ म्हणजे सैतानाच्या नावावर विकलेले सोपे रिफ (गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या ओळी). मला यातलं काहीच पटत नाही, का ते सांगतो.

सैतानाचं आधी उरकतो. पहिल्या अल्बममधलं बँडच्याच नावाचं गाणं नीट ऐका, त्यातला माणूस समोरची काळी आकृती बघून टरकलाय आणि देवाचा धावा करतोय, यात पूजा कुठून आली? गाणी लिहिणारा गीझर बटलर आयरिश कॅथलिक घरातला, 'आफ्टर फॉरएव्हर' हे त्यांचं गाणं तर सरळसरळ देवाच्या बाजूनं बोलतं. अल्बमच्या आतल्या पानावरचा उलटा क्रॉस रेकॉर्ड कंपनीनं परस्पर छापला होता, आणि गळ्यातले क्रॉस गायक ऑझी ऑस्बोर्नच्या वडिलांनी स्वतः बनवून दिलेले. 'वॉर पिग्ज' तर गरिबांची पोरं लढाईला पाठवून स्वतः मागे बसणाऱ्या सेनापतींवर आहे, व्हिएतनाम पेटलेलं असताना लिहिलेलं.

आता 'सोपे रिफ'. सॅबथचा गिटारिस्ट टोनी आयोमी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या शीट मेटल कारखान्यात वेल्डर होता, वय १७, बँडबरोबर युरोपात वाजवायला जायचं म्हणून नोकरी सोडलेली, शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी आला तेव्हा परत जायचं त्याच्या मनात नव्हतं पण आईनं दिवस पूर्ण कर म्हणून पाठवलं, आणि त्या दिवशी पत्र्याच्या प्रेस मशीनवरचा माणूस आला नव्हता म्हणून याला तिथं उभं केलेलं. उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच तो. आता गिटार संपली असं वाटत असताना कारखान्याच्या मॅनेजरनं त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून ऐकवली, आगीत भाजल्यावर दोनच बोटांवर सोलो वाजवणारा जॅझ गिटारिस्ट तो. मग आयोमीनं भांडी घासायच्या लिक्विडची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, पकड यावी म्हणून जुन्या जॅकेटचं चामडं लावलं, आणि जाड तारा दुखायच्या म्हणून बँजोच्या पातळ तारा चढवल्या. १९७१ च्या अल्बममध्ये, 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'त तर गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली, तारा ढिल्या, दाबायला हलक्या, आणि आवाज असा खोल की नंतर किती मेटल बँड त्याच खालच्या सुरात गेले. हे सोपं वाटत असेल तर मग काय बोलायचं!

झेपलिनबद्दल मला प्रेमच आहे, त्यांचा पहिला अल्बम जानेवारी १९६९ चा हे मान्यच. पण त्यांचा पाया ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं जुनं संगीत, आणि आवाज मोठा असणं म्हणजे मेटल नव्हे. पर्पलचा 'इन रॉक' जून १९७० चा, सॅबथचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० चा, तोही लंडनमध्ये एका दिवसात रेकॉर्ड केलेला! त्याच्या सुरुवातीला पाऊस, घंटा आणि मग तीन सूर, जी, वरचा जी, आणि सी शार्प. तो तिसरा सूर येतो तेव्हा जे पोटात होतं ते त्याआधी कुठल्या रॉक बँडनं केलंय ते मला सांगा, मी खरंच ऐकेन.

तुम्ही सॅबथचा ड्रमर बिल वॉर्डचं नावच घेतलं नाहीत, आणि तिथेच मला वाटतं की तुम्ही सॅबथ घाईत ऐकलंय. हा माणूस जॅझ ऐकून वाढला, जॅझ ड्रमर जीन क्रुपाचा भक्त, त्यामुळे एवढ्या जड रिफखाली ड्रम्स सरळ न ठोकता डुलत राहतात आणि नंतरच्या कितीतरी मेटलमध्ये नेमकं तेच हरवलंय. ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क स्टेडियमवर सॅबथचे मूळ चौघं पुन्हा एकत्र वाजले, ऑझी १७ दिवसांनी गेला, आणि त्या संध्याकाळी मेटॅलिकासारखे बँड त्यांच्या आधी वाजवायला आले होते ते काही मार्केटिंगला भुलून नाही.

एकदा 'फेअरीज वेअर बूट्स' हेडफोन लावून फक्त ड्रम्ससाठी ऐका आणि मग परत लिहा, भांडायला मी आहेच.