‘गणितप्रेमी’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: प्रीकॅल्क्युलस गाळण्याबद्दल

नमस्कार गणितप्रेमी,

तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. अमेरिकेतल्या शाळेत अल्जिब्रा टू (बीजगणिताचा दुसरा भाग) झालं की मधलं प्रीकॅल्क्युलस, म्हणजे कॅल्क्युलसच्या तयारीचा त्रिकोणमिती आणि फंक्शनचा विषय, गाळून मुलांना थेट कॅल्क्युलसला (कलनशास्त्राला) बसवू नका, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिता, “आम्ही प्रीकॅल्क्युलस हे नावही ऐकलं नव्हतं, तरी कॅल्क्युलस शिकून इंजिनिअर झालो. तुमच्यासारख्या घाबरट आयाच मुलांना मागे ओढतात.”

तुमचं मत वेगळं असेल तर जरूर असावं. पण ज्या मुलीला तुम्ही कधी पाहिलं नाही, तिच्या आईला एका शब्दात घाबरट ठरवून मोकळं व्हायचं, ही कुठली रीत? समोर बसून बोलत असतो तर हाच शब्द वापरला असता का तुम्ही?

एक चूक कबूल करते. एपी प्रीकॅल्क्युलस (एपी म्हणजे शाळेतच घेता येणारा कॉलेजच्या पातळीचा अभ्यासक्रम) २०२२ मध्ये सुरू झालं असं मी लिहिलं होतं. ते २०२३-२४ या शालेय वर्षापासून आहे आणि पहिली परीक्षा मे २०२४ मध्ये झाली. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार.

आता ‘नावही ऐकलं नव्हतं’ याबद्दल. अहो, नाव नव्हतं, विषय होता! मी १९९३ मध्ये साताऱ्यात अकरावी सायन्सला होते. आमच्या सरांनी कॉलेज उघडल्यापासून त्रिकोणमिती अक्षरशः घोटून घेतली. साइन ए प्लस बीचं सूत्र, बेरजेचा गुणाकार करायची सूत्रं, सरळ रेषा, वर्तुळ, मग फंक्शन. लिमिट आलं ते या सगळ्यानंतर, आणि इंटिग्रेशनची खरी मेहनत बारावीत. तुम्हीही महाराष्ट्र बोर्डाचेच असाल तर जुनी वही उघडून बघा. इथे ज्याला प्रीकॅल्क्युलस म्हणतात ते बरंचसं त्याच वहीत आहे. तुम्ही काहीही गाळलेलं नाही. तुमच्याकडून ते करून घेतलं गेलं, आणि आज तुम्ही दुसऱ्यांच्या मुलांना ते गाळायला सांगता, याचा मला खरोखर राग येतो.

आणि घाबरट म्हणता, तर हेही ऐका. दोन वर्षांपूर्वी मुलीला प्रीकॅल्क्युलस गाळू द्यायच्या फॉर्मवर मीच सही केली होती. शाळेच्या काउन्सेलरनी ‘हुशार आहे, जमेल’ म्हटलं आणि मला अभिमान वाटला. सप्टेंबरात एका रात्री ती साइन एक्स भागिले एक्सच्या लिमिटपाशी (एक्स शून्याजवळ नेला की उत्तर कशाकडे जातं) अडली. एक्सच्या जागी ०.०१ घातलं की कॅल्क्युलेटर ०.०१७४५ दाखवायचा, पुस्तकात उत्तर १. अर्धा तास तीच आकडेमोड पुन्हापुन्हा. कॅल्क्युलेटर डिग्रीवर होता. मी तो रेडियनवर (कोन कंसाच्या लांबीवरून मोजायचं एकक) केला, ०.९९९९८ आलं. तिने विचारलं, “पण आई, रेडियनच का?” एकक वर्तुळ आणि कंसाची लांबी तिने नीट केलेलीच नव्हती, त्यामुळे मी काय सांगतेय ते तिच्यापर्यंत पोचेना. रेडियन म्हणजे तिच्या लेखी कॅल्क्युलेटरवरचं एक बटण होतं. त्या रात्री ती वही मिटून रडली. ऑक्टोबरात तिला परत प्रीकॅल्क्युलसच्या वर्गात घातलं. वर्गातल्या मैत्रिणींसमोर एक पायरी खाली उतरणं सोळाव्या वर्षी काय असतं, ते तुम्हाला पुण्यात बसून कळायचं नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत खान अकॅडमी या वेबसाइटवर सगळं शिकून होतं, अर्धा भाग अल्जिब्रा टूमध्ये येऊनच जातो, तुमच्या भाच्याला गाळूनही एपीच्या परीक्षेत ५ पैकी ५ मिळाले, वगैरे मुद्द्यांत मी शिरत नाही. भाच्याचं अभिनंदन. एका मुलावरून नियम ठरत नसतो, एवढं गणितप्रेमींना मी सांगायला नको.

मुलगी यंदा कॅल्क्युलस बीसी, म्हणजे एपी कॅल्क्युलसचा मोठा अभ्यासक्रम, करते आहे. परवा वर्गमुळात एक वजा एक्सचा वर्ग, अशा इंटिग्रलमध्ये तिने एक्सच्या जागी साइन थीटा घेतला, बाजूला काटकोन त्रिकोण काढला आणि एकदाही मला हाक मारली नाही. मी स्वयंपाकघरातून बघत होते.

तुम्ही पुन्हा लिहिलंत तर मी उत्तर देईन. ‘घाबरट’ हा शब्द मात्र आधी मागे घ्या.