टॅब, चिठ्ठ्या आणि तुलना गट: एका शिक्षकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. खाली चार ओळींत उरकण्यासारखी ती नाही, म्हणून वेगळं उत्तर लिहितो.

ज्यांनी तो लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सोलापूर शहर आणि आसपासच्या काही शाळांना एका देणगीदार कंपनीकडून टॅब मिळायचे आहेत. माझं म्हणणं होतं, सगळ्यांना एकदम वाटू नका. यंदा निम्म्या शाळांना द्या, उरलेल्यांना पुढच्या वर्षी. आधी कोण, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि वर्षाअखेर दोन्हीकडच्या मुलांचं वाचन-गणित तपासा. त्यावर तुम्ही लिहिलंत: पोरं म्हणजे प्रयोगशाळेतले उंदीर नव्हेत, निम्म्यांना ताटकळत ठेवणं हा अन्याय आहे. शिक्षक आधीच माहित्या भरून बेजार आहेत. मूल शिकलं की नाही हे वर्गशिक्षकाला कळतं, त्याला बाहेरचा माणूस लागत नाही. आणि एवढं करून अहवाल कपाटातच जातो. शेवटी, "तुमचं पोट त्यावर चालतं म्हणून तुम्हाला मूल्यमापन गोड लागतं."

होय, माझं पोट त्यावर चालतं. शाळा, आरोग्याची कामं आणि अलीकडे मोबाइल अ‍ॅप, अशा तिन्ही ठिकाणचे उपक्रम तपासणं हा माझा व्यवसाय आहे. म्हणूनच या व्यवसायातलं टाकाऊ काय आणि मोलाचं काय, हे सांगण्याची जबाबदारीही माझ्यावर येते.

माहिती भरण्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते अक्षरशः खरं आहे. युडायस आणि सरल या शाळांची माहिती भरायच्या सरकारी ऑनलाइन प्रणाली, पोषण आहाराची रोजची नोंद, आणि मध्येच ग्रुपवर येणारा 'दुपारी दोनपर्यंत लिंक भरा' हा निरोप. आशाताईंचं आणि अंगणवाडी सेविकांचं हेच चालू आहे. पण सर, याला मी मूल्यमापन म्हणत नाही. किती वाटलं, किती हजर होते, किती खर्च झाला, हा झाला हिशेब. तो ठेवावाच लागतो, पण वाटलं नसतं तर काय झालं असतं, हे त्यातून कधीच कळत नाही. आणि ते कळायला प्रत्येक शाळेची प्रत्येक रकान्यातली माहिती मुळीच लागत नाही. खेड्यांतल्या मुलांचं वाचन-गणित तपासणारी 'असर' ही देशव्यापी पाहणी २००५पासून होते आहे. त्यात जिल्ह्यातली ३० गावं आणि दर गावातली २० घरं घेतात, मुलाला त्याच्या घरी बसवून एकेकट्याला वाचायला देतात. गुरुजींना त्यासाठी मुलांच्या याद्या भरत बसावं लागत नाही. टॅबच्या कामातही मी हेच मांडलं आहे: तपासणी बाहेरून आलेली माणसं करतील, शिक्षकांकडून फक्त ठरलेला वेळ हवा. एखाद्या संस्थेने मूल्यमापनाच्या नावाखाली तुमच्यापुढे नवं रजिस्टर ठेवलं तर ते खुशाल परत करा.

वर्गशिक्षकाला कळतं, हा मुद्दा मला सर्वांत जवळचा वाटतो. त्यातलं अर्धं मला पूर्ण मान्य आहे.

एक प्रसंग सांगतो. सोलापूरच्या पूर्व भागात एका वाचनचाचणीची आम्ही पूर्वचाचणी घेत होतो. दारात आई मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत होती, शेजारी तिसरीतली मुलगी. तिने मराठी परिच्छेद घडाघडा वाचला, जोडाक्षरंही अडली नाहीत. मग प्रश्न विचारला, 'गोष्टीतला मुलगा परत का आला?' मुलगी गप्प. पुन्हा विचारलं, तरी गप्प. आमच्यासोबतच्या ताई तेलुगू बोलणाऱ्या होत्या, त्यांनी तोच प्रश्न तेलुगूत विचारला. मुलीने सगळी गोष्ट सांगितली, वर त्या मुलाने काय करायला हवं होतं तेही सांगितलं. नुसता मराठीतला प्रश्न धरला असता तर कागदावर उमटलं असतं 'आकलन नाही'. तिच्या शाळेतल्या बाईंना हे आधीपासून ठाऊक होतं. पूर्वचाचणी असते ती याचसाठी. त्यानंतर सूचना आणि प्रश्न मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडमध्येही तयार झाले, आणि वाचता येणं आणि समजणं यांचे गुण वेगळे धरले. पुण्याहून किंवा दिल्लीहून आलेली तयार चाचणी सोलापुरात जशीच्या तशी चालवली तर ती मुलांचं शिकणं मोजणार नाही, त्यांच्या घरची भाषा मोजेल. चाचणी शिक्षकांसोबत बसूनच घडवली पाहिजे, यात माझं-तुमचं दुमत नाही.

पण उरलेलं अर्धं पाहा. तुमच्या वर्गातलं मूल जूनमध्ये अडखळत वाचतं, मार्चमध्ये सरळ वाचतं. हे तुम्हाला माझ्या आधी आणि माझ्याहून चांगलं कळतं. ते कशामुळे झालं, हे मात्र वर्गात उभं राहून कुणालाच कळू शकत नाही, तुम्हालाही नाही आणि मलाही नाही. वर्षभरात मूल मोठं होतं, तुम्ही शिकवता, मोठी बहीण घरी अभ्यास घेते, त्यात टॅबही आलेला असतो. नुसता आधी-नंतरचा फरक काढला तर या सगळ्याचं श्रेय टॅबला जातं. सर, त्यात तुमच्या मेहनतीचं श्रेयही टॅबला जातं. तुलनेच्या शाळा लागतात त्या एवढ्यासाठी. तिथेही मुलं वर्षभर वाढतात, तिथेही चांगले शिक्षक असतात, फक्त टॅब नसतो.

आता अन्याय. टॅब यंदा सगळ्यांना पुरणारच नाहीत. कुणीतरी मागे राहणार आहे आणि आजवर मागे राहिली आहे ती बहुधा ज्यांची ओळख नाही ती शाळा. चिठ्ठी टाकली तर निदान वशिला बाद होतो. दुसरं असं की टॅब मिळाला नाही म्हणजे नुकसान झालं, हे आपण आधीच गृहीत धरतो आहोत. पेरू देशात सरकारने खेड्यांतल्या मुलांना लॅपटॉप दिले. ३१९ शाळांमध्ये त्याचा अभ्यास झाला. १५ महिन्यांनी गणित आणि भाषेच्या गुणांत काही फरक दिसला नाही. उलट दिल्लीत 'माइंडस्पार्क' या संगणकावरच्या कार्यक्रमाने साडेचार महिन्यांत गणितातही आणि हिंदीतही ठळक वाढ दाखवली, आणि तिथेही मुलं चिठ्ठीनेच निवडली होती. उपकरणं दोन्हीकडे होती. दिल्लीत मूल ज्या पायरीवर आहे तिथूनच प्रश्न येत होते. सातवीतल्या मुलाचं गणित चौथीचं असेल तर त्याला चौथीचं गणित मिळत होतं. आपल्याकडचे टॅब पेरूच्या वाटेने जातील की दिल्लीच्या, हे आज कंपनीलाही माहीत नाही. मग ते ज्यांना उशिरा मिळतील त्यांच्यावर अन्याय झाला, असं मी म्हणू शकत नाही.

आरोग्यात मात्र हे उत्तर पुरत नाही. तिथे तुमची हरकत खरी बोचते, आणि तिचं सर्वांत मोठं उदाहरण आपल्या दाराशीच आहे. १९९९मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास सुरू झाला. त्यात बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय होतं. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, गावांचे ५२ गट आणि चार वाटण्या: एका भागात एचपीव्ही चाचणी (हा कर्करोग ज्याच्यामुळे होतो त्या विषाणूची), दुसऱ्यात पेशींची तपासणी, तिसऱ्यात आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, चौथ्यात जी नेहमीची व्यवस्था होती तीच. २००९मध्ये निष्कर्ष आले. एचपीव्ही चाचणीच्या गटात या कर्करोगाने ३४ स्त्रिया दगावल्या, नेहमीच्या व्यवस्थेच्या गटात ६४, आणि हा दुसरा गट आकाराने थोडा लहानच होता. बाकी दोन पद्धतींनी मृत्यूंमध्ये खात्रीने सांगावी अशी घट दाखवली नाही.

तुलना केली नसती तर काय झालं असतं? डोळ्यांनी पाहण्याची पद्धत स्वस्त आहे, निकाल तिथल्या तिथे मिळतो, शिबिरात सहज बसते. एकदाच शिबिर घेऊन आपण तीच सगळीकडे केली असती आणि काम झालं असं समजलो असतो. पुढे मुंबईतल्या वस्त्यांमध्ये झालेल्या अभ्यासात त्याच पद्धतीने मृत्यू कमी झाले, पण तिथे दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या केल्या होत्या. पद्धत एकच, पण एकदा करण्याचा आणि पुन्हा पुन्हा करण्याचा परिणाम वेगळा. ही माहिती आज देशभरातल्या बायकांच्या उपयोगाची आहे.

तरीही त्या ६४ जणींचं काय, हा प्रश्न शिल्लक राहतो. या अभ्यासांवर तशी टीका झाली आणि ती टीका मी झटकून टाकत नाही. त्या भागात तेव्हा नियमित तपासणी नव्हती, म्हणजे अभ्यासाने कुणाची मिळती सेवा काढून घेतली नव्हती, हे खरं. पण कर्करोग लवकर सापडला तर बाई वाचते हेही तेव्हा ठाऊक होतं. माझं मत स्पष्ट आहे: ज्या सेवेचा उपयोग दुसरीकडे सिद्ध झाला आहे ती तुलना गटाला नाकारू नये. तिथे दोन पद्धतींची एकमेकींशी तुलना करावी, कुणालाही रिकाम्या हाताने ठेवू नये. आणि जिथे खरोखरच माहीत नाही, तिथेही उशिराने सेवा देण्याची तारीख पहिल्याच दिवशी लिहून द्यावी. टॅबच्या प्रस्तावात दुसऱ्या वर्षाची तारीख घातली आहे ती म्हणून. उंदरांबद्दलचा तुमचा प्रश्न टॅबवर लागू होत नाही असं मला वाटतं, पण औषध, लस, तपासणी, आहार यांत तो दर वेळी विचारलाच पाहिजे.

तंत्रज्ञानाबद्दल तुम्ही फारसं लिहिलं नाही, पण मला सर्वांत जास्त काळजी तिथेच वाटते. आरोग्यात जन्म-मृत्यू मोजणं कष्टाचं असतं. शिक्षणात चाचणी बनवणं कष्टाचं असतं. अ‍ॅपमध्ये आकडे आपोआप पडतात, कष्ट नाहीत, म्हणून सगळे त्यांवर विसंबतात. किती मिनिटं वापर, किती व्हिडिओ पाहिले, किती स्कॅन झाले. टॅब एक, भोवती चार मुलं आणि लॉगिन एकीच्या नावाने. पडद्यावरच्या आकड्यांत ती एकटी मुलगी तासन्तास अभ्यास करते आणि बाकी तिघं गैरहजर. त्या आकड्यांवरून शाळांची क्रमवारी लावणारे तक्ते मी बैठकांत पाहतो, तेव्हा मला राग येतो. आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेतून पाठ्यपुस्तकांवरच्या क्यूआर कोडची कल्पना पुढे आली, २०२०चा ग्लोबल टीचर पुरस्कार ती मांडणाऱ्या रणजितसिंह डिसले या शिक्षकांना मिळाला, त्याचा मला अभिमान आहे. म्हणूनच त्या कल्पनेचं यश स्कॅनच्या संख्येवर मोजू नये. कोड स्कॅन करणाऱ्या मुलाला काय समजलं, यावर मोजावं.

राहिला कपाटाचा मुद्दा. तो तुम्ही शेवटी लिहिलात, मी तो सगळ्यात आधी विचारतो. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेणारी व्यवस्था उभी केली, ४७ गावं तुलनेला ठेवली. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. हे १९९९मध्ये प्रसिद्ध झालं. आशांमार्फत देशभर ही पद्धत सरकारी कार्यक्रम म्हणून आली २०११मध्ये. इतक्या भक्कम पुराव्यालाही बारा वर्षं लागली. दुसरीकडे उदयपूर जिल्ह्यात नर्सच्या हजेरीसाठी तारीख-वेळेचा शिक्का मारणारी यंत्रं बसवली होती. सुरुवातीला हजेरी चांगली वाढली. मग आरोग्य यंत्रणेनेच 'सूट' म्हणून दिवस माफ करायला सुरुवात केली आणि दीड वर्षाच्या आत फरक पुसला गेला. उपाय चालत होता, चालवून घेण्याची इच्छा नव्हती. तुमचा कपाटाचा अनुभव याच जातीचा आहे, आणि मूल्यमापन कितीही चोख केलं तरी त्याला तेवढ्याने उत्तर मिळत नाही.

म्हणून काम घेण्याआधी मी निधी देणाऱ्यांना विचारतो: फरक पडला असं निघालं तर काय कराल, नाही पडला तर काय कराल, आणि मुलांचं नुकसान होतंय असं दिसलं तर कोण, किती दिवसांत थांबवेल? तिन्ही उत्तरं एकच असतील तर अभ्यासाची गरज नाही, ते पैसे शाळेच्या स्वच्छतागृहांना द्यावेत. टॅबच्या कंपनीलाही हेच विचारलं आहे. त्यांनी मान्य केलं आहे की फरक दिसला नाही तर दुसऱ्या वर्षाच्या टॅबचा निधी शाळांशी बोलून दुसऱ्या कामाला वळवायचा. हे अजून तोंडी आहे. लेखी आल्याशिवाय मी पहिली चाचणी घेणार नाही. आणि निकाल मराठीत, दोन पानांत, आधी शाळांच्या हाती पडेल, मग कंपनीच्या.

तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या वर्गात तेलुगू आणि कन्नड बोलणारी मुलं आहेत असं तुम्ही लिहिलंत. वाचनचाचणीचा मसुदा आणि दोन्ही भाषांतल्या सूचना दिवाळीच्या सुट्टीआधी तयार होतील. त्या मुलांपुढे जाण्याआधी तुम्ही आणि तुमच्या शाळेतल्या बाईंनी वाचाव्यात, मूल जिथे अडेल असं वाटेल तिथे खूण करावी. आणि तुलनेच्या शाळांना वर्षभर काय द्यायचं यावर तुमचं काही वेगळं म्हणणं असेल तर तेही कळवा. ते कलम अजून कच्चं आहे.