जुनी सायकल घेताना रंगाला भुलू नका

सेकंडहँड सायकल घ्यायची आहे, काय बघू, असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं आहे. गिअर किती आणि कंपनी कुठली हे नंतर. आधी सायकल उलटी करा.

उलटी केली की खरं काय ते दिसतं. पुढचं चाक फिरवा आणि नजर ब्रेकच्या रबरावर ठेवा. रिम डावी-उजवीकडे थोडी लहरत असेल तर चिंता नाही, बरा कारागीर आरे कसून आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढून देतो. पण एकाच जागी खाली-वर उसळत असेल, तर ती कुठेतरी जोरात आपटलेली आहे. तो आऊट धड निघत नाही, रिमच बदलावी लागते.

मग हँडलखालची नळी. फ्रेमच्या नळ्या तिला जिथे जोडल्यात, तिथे खालच्या बाजूने बोट फिरवा. रंगाला आडवी सुरकुती किंवा फुगवटा लागला, तर समोरून धडक झालेली असणार. अशी सायकल फुकट दिली तरी नको. सीटचा दांडा वर-खाली होतो का तेही बघा. लोखंडी फ्रेममध्ये अ‍ॅल्युमिनियमचा दांडा वर्षानुवर्षं तसाच राहिला तर आत धरून बसतो आणि भल्याभल्यांना घाम फोडतो. पायडलचे दांडे फ्रेमला जिथे जोडलेत, त्या नळीखाली बहुतेक सायकलींवर फ्रेम नंबर असतो. तो कानशीने घासलेला दिसला तर पुढे बोलणीच नकोत.

चेन मोजायला साधी पट्टी पुरते. एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या चोविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत नव्या चेनचं अंतर बरोबर 12 इंच असतं. 1/16 इंच वाढलं असेल तर चेन बदला. 1/8 वाढलं असेल तर मागचे दातेही झिजलेत. त्यांवर नवी चेन घातली तर जोर लावताच उड्या मारणार. म्हणजे खर्च दुप्पट. विकणाऱ्याने सांगितलेल्या आकड्यात हे सगळं मिळवा, मग स्वस्त की महाग ते ठरवा.

म्हणूनच कमी बजेटमध्ये पुढे-मागे शॉकॲब्सॉर्बर असलेली सायकल मला बिलकूल पटत नाही. वजन जास्त, सांधे खुळखुळतात, आणि सुटा भाग मिळेलच याची खात्री नाही. त्यापेक्षा साधी, लोखंडी, कंटाळवाणी दिसणारी सायकल घ्या. मित्र हसतील. हसू द्या.

पैसे आधी ब्रेकची रबरं, वायर आणि टायर-ट्यूबवर घाला. नवा रंग आणि झगमगीत ग्रिप सगळ्यात शेवटी, किंवा कधीच नाही. टायर आणताना नुसतं ‘26 इंच’ म्हणून आणू नका. माउंटन बाइकचं नेहमीचं 26 म्हणजे 559 मिमी रिम, आणि 26 x 1 3/8 म्हणजे 590. एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. जुन्या टायरच्या कडेला 47-559 असा बारीक आकडा असतो, तोच दुकानात सांगा.

हबचं, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याचं, काम मात्र घरी करण्यासारखं आहे, आणि मजेचंही. एक्सल काढला की आत ग्रीसचा काळा, घट्ट चिखल झालेला असतो. त्यातून छर्रे वेचायचे, मोजून ठेवायचे (एखादा कपाटाखाली जाणारच), आणि परत घालताना सगळे नवेच घालायचे. इतक्या स्वस्त वस्तूत काटकसर कशाला? कोनवर, म्हणजे एक्सलवरच्या ज्या शंकूसारख्या भागावर छर्रे फिरतात त्यावर, बोटाच्या नखाला खड्डे लागले तर कोनही बदला. शेवटी कोन इतकाच कसायचा की चाक हाताने हलवलं तर डुगडुगू नये, आणि फिरवलं तर खरखरू नये. हे जमायला वेळ लागतो, नट घट्ट करताना कोन हटकून जरा फिरतोच.

आणि हो, पायडल बदलणार असाल तर डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. नेहमीसारखं सोडवायला गेलात तर ते अजून कसलं जाईल. बसवताना चुकीच्या बाजूचं पायडल जोर करून दामटलंत, तर अ‍ॅल्युमिनियमच्या क्रँकचे, म्हणजे पायडल ज्यात बसतं त्या दांड्याचे, आटेच जातात, आणि पायडलबरोबर क्रँकचाही खर्च मानगुटीवर बसतो.