लाभांश पाल्यात

जानेवारीत बाहेर गुडघाभर बर्फ असताना माणसाला काहीही विकता येतं. आमच्या पश्चिम मॅसॅच्युसेट्समधले शेतकरी हे चांगलं ओळखून आहेत. ऐन थंडीत ते सीएसएचे, म्हणजे ‘कम्युनिटी सपोर्टेड ॲग्रिकल्चर’चे फॉर्म काढतात: आत्ता पैसे भरा आणि जूनपासून दर आठवड्याला आमच्या शेतातल्या भाजीतला आपला वाटा घेऊन जा. फॉर्मवर लालबुंद टोमॅटो, मक्याची कणसं, चकचकीत वांगी. त्या फोटोकडे बघता बघता बायकोच्या डोळ्यांपुढे भरली वांगी तरळली आणि आम्ही अख्ख्या हंगामाचा फुल शेअर घेऊन मोकळे झालो.

यात फसवणूक काहीच नाही, हे त्यातलं खरं दुःख. बियाणं, खत, मजुरी हा सगळा खर्च शेतकऱ्याला वसंतात करावा लागतो आणि भाजीचे पैसे यायचे उन्हाळ्यात. मधला खड्डा गिऱ्हाइकांनी आधीच बुजवायचा. पीक आलं तर वाटून खायचं, गारपीट झाली तर तीही वाटून घ्यायची. अमेरिकेत ही पद्धत १९८६ साली सुरू झाली, आमच्याच राज्यातल्या इंडियन लाइन फार्मवर आणि शेजारच्या न्यू हॅम्पशरमधल्या टेंपल-विल्टनच्या शेतावर. म्हणजे पहिला मान आमच्याकडचाच. तक्रार कुठल्या तोंडाने करणार?

पण इथला वसंत म्हणजे आंब्याचा मोहोर आणि कोकिळा नव्हे. इथे मे अर्धा सरला तरी एखाद्या रात्री दव गोठतं. टोमॅटो-वांग्यांची रोपं तोवर हरितगृहातल्या ट्रेमध्ये लाडात वाढत असतात. शेतात लावायच्या आधी त्यांना वाऱ्या-उन्हाची सवय करावी लागते, म्हणून सकाळी बाहेर, संध्याकाळी आत. आमच्या शेतकरीणबाईंचे वडील हे काम करतात. ट्रे उचलताना ते रोपांशी काहीतरी पुटपुटतात. मुलीशी मात्र दिवसभरात फारसे बोलत नाहीत. मेअखेरीस रोपं जमिनीत जातात आणि टोमॅटो खऱ्या अर्थाने सुरू होतात ऑगस्टमध्ये. मग जूनमध्ये आम्ही काय खायचं? तर थंडीला जे भीत नाही ते. म्हणजे पाला.

गुरुवार हा आमचा वाटा उचलायचा वार. केल, स्विस चार्ड, पालक, बोक चॉय, मोहरीचा पाला, लेट्यूसचे गड्डे आणि मुळे, अर्थात पाल्यासकट. अरुगुलाच्या पानांना टाचणीने टोचल्यासारखी भोकं. हा फ्ली बीटल नावाच्या चिमुकल्या उडत्या किड्याचा प्रताप. "औषध मारत नाही, त्याचा हा पुरावा," शेतकरीणबाई अभिमानाने म्हणाल्या. पुरावा आम्ही घरी आणून तीन पाण्यांनी धुतला.

फ्रीजमध्ये दूध ठेवायला जागा उरेना. बोक चॉय आमटीत गेला, चार्डची भजी झाली, पालक पराठ्यात लपला. केलचं मात्र काही खरं नाही. केल शिजतो असं म्हणतात; आमच्या कुकरच्या शिट्ट्यांनी तो फार तर विचारात पडला. मराठी मंडळाच्या ग्रुपवर "ताजा केल, हवा असल्यास फुकट" असं टाकून पाहिलं. एकाने नमस्काराचा हात पाठवला, दुसऱ्याने "आमच्याकडूनही" असं लिहिलं. हातात फुगलेली पिशवी दिसली की ओळखीची माणसं रस्ता बदलू लागली.

अशात साताऱ्याहून आई आली. तिला आम्ही संकटविमोचक म्हणूनच बोलावलं होतं, फक्त तिला तसं सांगितलं नव्हतं. मुळ्याच्या पाल्यात पीठ पेरून झालं. जूनमध्ये लसणाला जे वेटोळे देठ फुटतात, गड्डा पोसावा म्हणून जे कापून टाकतात, त्यांचा तिने ठेचा केला आणि पुढच्या गुरुवारी स्वतःच शेतावर निघाली.

शेतात शिरताच तिला रुबार्बची भलीमोठी पानं दिसली. "अरे, अळू!"

"अगं आई, याचे देठच खातात. पानं विषारी असतात."

"अळूलाही खाज असतेच की. चिंच घातली की जाते."

ही खाज चिंचेने जाण्यातली नाही हे पटवेपर्यंत आमचा घाम निघाला.

पुढे गाजराच्या वाफ्यात काही सभासद गुडघ्यांवर बसून तण उपटत होते. आईने ढिगातली एक काडी उचलली, पान उलटं करून त्यावरची पांढरी पूड बोटाला लावून पाहिली आणि उखडलीच. "हा चाकवत आहे! हे लोक चाकवत फेकतायत!"

मी दुभाषा झालो. शेतकरीणबाई म्हणाल्या, हे त्यांच्या शेतातलं हट्टी तण. एकेका झाडाला हजारो बिया धरतात, आजोबांच्या काळापासून उपटतायत, संपत नाही.

"म्हणजे पेरावं लागत नाही, निगा लागत नाही, आपलं आपण येतं," आई म्हणाली. "आणि ते काढून त्या जागी केल लावतात. विचार तिला, का?"

हे मी भाषांतरित केलं नाही. तण उपटणाऱ्यांकडून मात्र तिने अख्खा ढीग मागून घेतला. नंतरच्या गुरुवारी ती चाकवताची ताकातली भाजी घेऊन गेली, हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे आणि वरून लसणाची फोडणी घातलेली. शेतकरीणबाईंनी उभ्याउभ्याच डबा संपवला. वडिलांनी चमचा चाटून पुसला आणि आईशी इंग्रजीत बरंच काही बोलले. आईनेही मराठीत उत्तर दिलं. दोघांचं बरं जमलं.

पुढच्या खेपेला वाटपाच्या फळ्यावर खडूने नवी ओळ आली होती: चाकवत, प्रत्येकी एक मोठी जुडी, फुल शेअरवाल्यांना दोन. बाकीची यादी जशीच्या तशी होती. केलची जुडी तेवढी या वेळी जरा मोठी बांधली होती. हवा चांगली पडली म्हणे.